बोटाखालचं दुखणं

गळ्याखाली, दोन्ही बाजूंची हाडं जिथे जवळ येतात तिथे, एक खळगा असतो. त्यात बोट ठेवावं आणि छातीच्या मधल्या हाडावरून हळूहळू खाली आणावं. दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागतो. त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी. पहिली गळ्याच्या हाडाखाली दडलेली असते, ती सहसा हाताला लागत नाही. मग दुसरीपासून तिसरी, चौथी, पाचवी असं एकेक बोट मोजत खाली जाता येतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना हे सुरुवातीलाच शिकवतात. मला ते आमच्या डॉक्टरबाईंनी शिकवलं, छातीत चमक भरून मी त्यांच्यासमोर बसले होते तेव्हा. आता रात्री अंथरुणावर पडलं की माझं बोट आपसूक त्या उंचवट्यावर जातं आणि तिथून खाली उतरू लागतं.

छाती म्हटलं की आपल्यापुढे हृदयच उभं राहतं. सगळा मान त्याचा, सगळी काळजी त्याची. पण हृदयाच्या अलीकडे एक भिंत आहे, आणि ती मुकाट काम करते म्हणून तिची कुणी विचारपूस करत नाही. बरगड्यांच्या बारा जोड्या. मागे सगळ्या कण्याला जोडलेल्या. पुढे वरच्या सात आपापल्या कूर्चेने थेट मधल्या हाडाला मिळतात. आठवी, नववी, दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून राहतात. शेवटच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, त्या पोटाच्या स्नायूंत मोकळ्याच संपतात. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत स्नायूंचे तीन थर. बाहेरच्याचे तंतू तिरपे खाली आणि पुढे उतरतात, त्याच्या आतल्याचे त्यांना छेद देत उलट जातात. श्वास घेताना बाहेरचा थर बरगड्या वर उचलतो. खोकताना, शिंकताना, लांबून कुणाला हाक मारताना आतला थर त्या खाली ओढतो. खालच्या बरगड्यांच्या या हालचालीला शरीररचनेच्या पुस्तकांतच बादलीच्या कडीची उपमा दिलेली आहे: कडी दोन्ही टोकांना अडकलेली असते, मधे धरून उचलली की ती वरही जाते आणि बाहेरही. बरगडी तशीच उचलली जाते, छाती रुंद होते, हवा आत येते.

मिनिटाला चौदा-पंधरा श्वास धरले तरी दिवसाचे वीस हजारांवर जातात. झोपेत सुटी नाही, आजारपणात तर काम वाढतंच. पाय मुरगळला तर पाय वर घेऊन बसता येतं, हात दुखावला तर गळ्यात बांधता येतो. छातीच्या भिंतीला दुखापत झाली तर तिला बसवून ठेवायची सोय नाही. दुखऱ्या अंगानेच तिला पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि लगेच त्याच्या पुढचा.

पौष महिना होता. भोगीच्या आधी पांघरुणं धुऊन काढायची म्हणून घरातल्या सोलापुरी चादरी भिजवल्या होत्या. सोलापुरी चादर कोरडी असतानाही हलकी नसते. भिजली की कितीही पिळा, तिच्यातलं पाणी हटत नाही. आमच्या मागच्या पडवीत छताजवळ बांबूची दांडी आहे. काठीच्या टोकावर चादरीची मधली घडी घ्यायची, टाचा उचलायच्या, काठी दांडीपलीकडे न्यायची आणि घडी सोडून द्यायची. आईने शिकवलेलं काम, हातांना ते पाठ आहे. चादर निम्मी पलीकडे गेली आणि पुढच्या दाराची कडी वाजली. मान आणि कंबर तिकडे वळली, हात वरच राहिले. तेवढ्यात चादर जड अंगाने निसटू लागली म्हणून डावा हात झपकन तिच्या मागे गेला. एवढंच झालं. डाव्या छातीखाली, जरा बाहेरच्या बाजूला, कळ उठली आणि श्वास अर्ध्यावर अडला. आत घ्यावा तर कळ, सोडावा तर कळ. काठी खाली पडली आणि मी तशीच वाकून उभी राहिले, चादरीचं गार पाणी पाठीवर ठिबकत होतं.

दुखण्याच्या पाठोपाठ भीती आली. मला त्या क्षणी अण्णा दिसले. माझे वडील. रानातून आले होते, ओट्यावर बसले होते आणि छातीवरून तळहात फिरवत होते. कुठे दुखतंय विचारलं तर त्यांना नेमकी जागा सांगता येत नव्हती. दुखतंय असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. जड वाटतंय म्हणाले, पित्त झालं असेल म्हणाले, लिंबू-सोडा मागितला. तळहात मात्र फिरतच होता, मधोमध, मग गळ्याकडे, मग डाव्या दंडावर. मिरजेच्या वाटेवर ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही छातीवर हात ठेवला की बाकीच्यांचं बोलणं थांबतं.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या. त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं. "उसण भरलीया गं. हलू नगंस. गल्लीत कोण पायाळू हाय का बघते." फोनवर पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, आधी ईसीजी काढ. बाकी सगळं नंतर बोलू." दोघांचाही जीव माझ्यातच होता.

पायाळूची गोष्ट मी लहानपणापासून बघितली आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने पाय लावला की उसण उतरते असा समज. आजोळी अशा एक मावशी होत्या. पाठीत, कुशीत चमक भरलेली माणसं त्यांच्या अंगणात पालथी पडत आणि त्या हलकेच पाय ठेवत. माणूस उठताना खरोखर सुटल्यासारखा दिसायचा. पालथं पडून राहिल्यावर स्नायू सैल होत असतील, आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतं आहे यानेही आवळून धरलेलं अंग मोकळं होत असेल. मावशींच्या पायावर माझी माया आहे. पण छातीवर हा प्रयोग कुणी करू नये. ठिसूळ हाडांच्या वयस्कर बाईची बरगडी नुसत्या जोरदार खोकल्यानेही तडकू शकते, मग पायाचं वजन ती कसं सोसणार?

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "एका बोटानं दाखवा, कुठं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचं ठेवलं आणि दाबलं. तीच कळ. मग डावा हात वर करायला लावला, कमरेतून वळायला लावलं, खोल श्वास घ्यायला सांगितला. प्रत्येक वेळी तीच कळ, त्याच जागी. नंतर त्यांनी विचारायला सुरुवात केली. नेमकं काय करताना झालं? चालताना, जिना चढताना वाढतं का? घाम आला होता का? ताप, खोकला? एका पायाला सूज? अंगावर कुठे पुरळ? आईवडिलांपैकी कुणाला हृदयाचा त्रास? अण्णांचं सांगितलं तेव्हा त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, दुखणं मला भिंतीचंच वाटतंय, तरी ईसीजी काढू. दाबल्यावर दुखतं म्हणून हृदय सुटलं असं धरून चालत नाही. शक्यता कमी होते, संपत नाही. एकाच माणसाच्या छातीत दोन दुखणी असू शकतात.

ईसीजी ठीक आला. रक्ताचीही तपासणी झाली. बोटाला जागा का सापडली आणि अण्णांच्या तळहाताला का सापडली नाही, हे त्या दिवशी मला उमगलं आणि ते तेव्हापासून मनातून गेलेलं नाही. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस धावते. कण्यातून निघते, कुशीला वळसा घालते, पुढे येते. त्वचेचा एकेक पट्टा तिच्या वाट्याचा: चौथ्या नसेचा पट्टा स्तनाग्रांच्या पातळीवर, दहाव्या नसेचा बेंबीच्या. भिंतीत कुठे काही झालं तर निरोप नेमक्या वाटेने जातो आणि मेंदूला जागा कळते. हृदयाला असा स्वतःचा पट्टा नाही. त्याच्या वेदनेच्या नसा कण्यात अशा ठिकाणी शिरतात जिथे छातीच्या, दंडाच्या नसाही आलेल्या असतात. मेंदूला हृदयाकडून निरोप यायची सवय नाही, म्हणून तो दुखणं छातीभर, दंडात, जबड्यात, पाठीत पसरून टाकतो. माणूस मग बोट ठेवत नाही, तळहात फिरवतो. सॅम्युअल लेव्हाइन नावाच्या अमेरिकी हृदयतज्ज्ञाने पाहिलं होतं की असे रुग्ण दुखणं सांगताना छातीवर मूठ आवळून धरतात, आणि डॉक्टरांमध्ये ती खूण आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. अण्णांचा हात खरं बोलत होता. अण्णा स्वतः मात्र पित्त म्हणत होते.

विल्यम हेबरडेन या लंडनच्या वैद्याने १७६८ साली तिथल्या वैद्यांपुढे छातीच्या एका विकाराचं वर्णन वाचलं. १७७२ मध्ये ते छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यागत होतं आणि माणूस उभा राहिला की ते जातं, असं त्याने नोंदवलं होतं. ईसीजीचं यंत्र यायला तेव्हा शंभरहून जास्त वर्षं होती. केवळ माणसांचं बोलणं नीट ऐकून त्याने ही वाट शोधली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आमच्या डॉक्टरबाईंचे ते प्रश्न त्याच परंपरेतले: चालताना वाढतं का, थांबल्यावर जातं का.

भिंतीच्या दुखण्यांतही किती घराणी! माझं स्नायूचं, ओढ बसून तंतू दुखावल्याचं. कुणाचं कूर्चेच्या सांध्याचं, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या आसपास, दाबलं की दुखणारं, आणि आठवड्यांनी नव्हे तर कधीकधी महिन्यांनी हटणारं. तिथे सूजही दिसत असेल तर त्याला टीट्झचं नाव आहे. हा ब्रेस्लाऊचा शल्यविशारद, त्याने १९२१ मध्ये ते नोंदवलं. माझ्या भाच्याच्या मुलाला वेगळंच होतं: पोक काढून मोबाइल बघत बसलेला असताना डाव्या छातीत एकाएकी कळ, श्वास रोखून तो पांढराफटक, आणि दोनेक मिनिटांत सगळं साफ. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं आणि त्यात धोका नसतो. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितल्यावर त्याच्या आईने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. बाल्टिक समुद्रातल्या बोर्नहोम या डॅनिश बेटाचं नावही एका छातीच्या दुखण्याला मिळालं आहे. ते विषाणूचं, तापाबरोबर येणारं आणि श्वास मुश्कील करणारं. आणि नागीण अंगावर उठण्याच्या आधी काही दिवस नुसतीच दुखते, एकाच बाजूच्या पट्ट्यात. तेव्हा ती छातीच्या डाव्या अंगाला असेल तर माणूस हमखास हृदयावर संशय घेतो.

ही सगळी नावं कळल्याने कळ कमी झाली नाही. शिंक येऊ लागली की मी उशी पोटाशी घट्ट धरायची. अंथरुणातून सरळ उठता येत नव्हतं, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. हसू फुटलं की डोळ्यांत पाणी. जेवण झाल्यावर गोळी, रात्री तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक. पण त्या दुखण्याबरोबर राहता येत होतं. त्याला हद्द होती. चौथ्या-पाचव्या बरगडीमधली बोटभर जागा, तिच्या पलीकडे मी धडधाकट होते. भीतीला अशी हद्द नसते. ती रात्री बाराला घड्याळाच्या टिकटिकीत शिरते, आपलीच नाडी आपल्याला मोजायला लावते. दुखऱ्या माणसाला धीर द्यायचा असेल तर "काही नाही होत" हे शब्द फार तोकडे पडतात. त्याच्या दुखण्याची जागा त्याला दाखवावी, जमलं तर त्याचंच बोट धरून.

आणि बायकांच्या बाबतीत हे आणखी जपून करावं. हृदय दुखावलेली प्रत्येक बाई छाती धरत नाही. तिला दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, पाठ किंवा जबडा भरून येतो, आणि घरातले म्हणतात, दमली असेल. मधुमेह असलेल्यांना तर कधी दुखतच नाही. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात गाठतो. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या छाती चोळणारी बाई दिसली की मला राहवत नाही, मी विचारतेच.

दुसऱ्या खेपेला दवाखान्यात गेले तेव्हा माझ्या आधी एक बाई होती. आमच्या जयसिंगपूरच्या भोवती त्या दिवसांत ऊसतोड जोरात असते. ती बीडकडची, नवऱ्याबरोबर टोळीत आलेली. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवरून चढताना पाय घसरला, मोळी पडू दिली नाही, अंग पिळवटलं. बुडातून ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि ती डोक्यावर घेऊन त्या अरुंद शिडीने वर जायचं. माझी एक ओली चादर होती, हिच्या दिवसाला किती मोळ्या होत असतील ते मी विचारलं नाही.

"म्याडम, इथंच. ह्याच जागी टोचायलंय," ती म्हणाली, आणि तिनेही एकच बोट ठेवलं.

चोळीवरून तिने सुती फडकं करकचून आवळून घेतलं होतं. डॉक्टरबाईंनी आधी ते सोडवलं. पूर्वी दवाखान्यांतही बरगड्यांना असा पट्टा आवळत, आता तसं करत नाहीत, कारण आवळलेल्या छातीत श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा तळ उघडत नाही आणि तिथे कफ साचून न्यूमोनिया व्हायचं भय असतं. दुखलं तरी तासातासाला पाच-सहा श्वास खोल घ्यायचे. बाईंनी दुखऱ्या जागेवर आपला तळवा ठेवला आणि तिला श्वास घ्यायला लावला. ओठ दाबून तिने घेतला. तिचाही ईसीजी निघाला, ठीक होता. बरगडी मोडलेली वाटत नव्हती.

मग विश्रांतीची गोष्ट निघाली. मला त्यांनी विश्रांती सांगितली होती आणि मी ती घेतली होती. चादरी सुनेने वाळत घातल्या. त्या बाईला सांगितली तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं. मुकादमाचे पैसे अंगावर, खाडा पडला की तेवढे कापले जाणार, आणि टोळीत दोघांचा मिळून एक कोयता धरतात, एकाने बसून चालत नाही. औषध तेच, बरगडी तीच, बरी व्हायला लागणारे आठवडेही तेच. मला ते मिळाले, आणि तिच्यासाठी डॉक्टरबाईंना नवऱ्याशी अक्षरशः सौदा करावा लागला: हिने तोडायचं नाही, डोक्यावर घ्यायचं नाही, शिडी तर अजिबात नाही, बसून सोलायचं, वाढं बांधायचं. तो मान हलवत होता. त्याला ते पटत होतं, आणि जमेल की नाही याचा हिशेबही त्याच्या तोंडावर दिसत होता. मला त्याचा राग आला नाही. राग यायला हवा असेल तर तो हा असा हंगाम बांधणाऱ्या व्यवस्थेचा यावा.

उठता उठता तो थांबला. "म्याडम, हे दुखणं आन् ते अटॅकचं, रातच्याला वळखावं कसं? फडात कोण हाय सांगायला?"

डॉक्टरबाई पुन्हा बसल्या. "एक बोट ठेवून दाखवता आलं, दाबल्यावर, वळल्यावर तिथंच दुखलं, तर सकाळी इथं या. सगळ्या छातीवरनं हात फिरवायला लागली, जड वाटलं, आवळल्यागत झालं, घाम फुटला, दम लागला, मळमळलं, हात नाहीतर जबडा भरून आला, तर सकाळ बघायची नाही. १०८ लावा. आणि कळेना झालं कुठलं ते, तरी १०८च लावा. तुम्हाला झालं तरी हेच."

"पण फडाचा पत्ता काय सांगावा?" तिने विचारलं.

ज्याचा ऊस तोडताय त्याचं नाव सांगायचं आणि जवळची ठळक खूण. नवऱ्याने मालकाचं नाव सांगितलं. खूण तिला जास्त नीट माहीत होती, पाण्याला तीच जात असणार: डांबरी रस्त्यावरून आत वळलं की उंच टाकी, टाकीच्या मागे मारुतीचं देऊळ, देवळापासून डाव्या हाताला कोप्या. डॉक्टरबाईंनी ते चिठ्ठीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, एकदा वाचून दाखवलं, आणि फड बदलला की नवी खूण त्याच्याखाली लिहून घ्या म्हणाल्या.